रिबेका आत्याचा शनिवार

अन्याय रिबेका आत्यावर झाला. दिवाळीच्या अलीकडच्या शनिवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, शाहूपुरीतल्या आमच्याच बाहेरच्या खोलीत, चार माणसांच्या देखत झाला. करणारे दोघं होते. एक पाहुणा होता आणि दुसरा मी. मी तेरा वर्षांचा होतो. वयाची सबब मी पुढं करणार नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांनी मला मुद्दाम सांगितलं होतं की आता तू मोठा झालास.

आधी घर सांगतो, नाहीतर काय मोडलं ते कळायचं नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणातून कधीतरी घाट चढून वर आलेले. मी कळता झालो तोवर कोल्हापूरच्या आसपास माझ्या माहितीत आमची दोनच घरं उरली होती, एक आमचं आणि एक हातकणंगल्याला राहणाऱ्या सॅमसनकाकांचं. बाकीची मुंबईला, ठाण्याला आणि बरीचशी इस्राएलला गेली. शाळेत दरवर्षी नवा मास्तर हजेरी घेताना माझ्या नावावर अडखळायचा आणि मधल्या सुट्टीत पोरं मला घेरायची. 'ख्रिश्चन न्हवंस, मुसलमान न्हवंस, मग हायस तरी कोण रं तू?' मी सांगायचो, ज्यू. 'म्हंजी?' म्हणजे काय ते मला तरी कुठं नीट माहीत होतं. म्हणजे शनिवार, एवढंच माहीत होतं.

बाबा उद्यमनगरात लेथवर होते. कोल्हापूरची कारखानदारी सोमवारी बंद असायची, त्या दिवशी तिकडची वीजच काढून घेत. आमचा सुट्टीचा वार शनिवार, शब्बाथ. तो पाळायचा तर भर कामाच्या दिवशी एकट्यानं घरी बसायचं. बाबांचे शेठ जैन होते, दिवस मावळायच्या आत जेवणारे. कामावर घेतानाच त्यांनी विचारलं होतं, 'शनवारी काय अडचन हाय?' बाबा म्हणाले, देवाचा हुकूम हाय. शेठ म्हणाले, 'हुकूम हाय म्हटल्यावर झालं की. आमाला न्हाईत व्हय हुकूम? तू सोमवारी येत जा.' त्यामुळं सगळं उद्यमनगर मुकं असायचं त्या सोमवारी बाबा एकटे कुलूप काढून आत जायचे आणि थांबलेल्या यंत्रांचं तेलपाणी करायचे, पट्टे बदलायचे, बेअरिंगं धुवायचे. कोकणात आमच्या लोकांना शनिवारतेली म्हणत. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे. सोमवारी संध्याकाळी काळे हात रॉकेलनं चोळत बाबा म्हणायचे, 'पूर्वी शनवारतेली हुतो, आता सोमवारतेली झालो बघा.' हा विनोद ते दर सोमवारी करायचे आणि आई दर सोमवारी हसायची.

शुक्रवारी दुपारपासून घरात घाई. काळ्या मनुका सकाळीच भिजत घातलेल्या असत. त्या कुस्करून, गाळून निघालेला तांबूस रस हीच आमची आशीर्वादाची दारू. आत्या काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल आणि त्यात वात सोडायची. ती वात तडतडली की मला अजून पोटात काहीतरी निवल्यासारखं होतं, आज माझ्या घरी विजेचे दिवे असतानाही. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचं सगळं उजेड असतानाच शिजायचं. सांदणं, नारळाचं दूध, सुक्या बोंबलाची चटणी, बटाट्याची भाजी. शनिवारी ते गार खायचं. गार सांदण गोड नारळाच्या दुधात बुडवून खाल्लेलं नाही त्यानं माझ्याशी जेवणाच्या गप्पा मारू नयेत.

राहिला चहा. तो प्रश्न शेजारच्या गिरिजाक्कांनी सोडवला होता. त्या निपाणीकडच्या लिंगायत. घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि भांडताना दोन्ही. शब्बाथला आपण गॅस पेटवायचा नाहीच, पण दुसऱ्याला 'पेटव' असं सांगणंही बसत नाही, हे आत्यानं त्यांना एकदा समजावलं होतं. त्यावर त्यांनी सरळ मार्ग काढला. दर शनिवारी दहाच्या सुमारास त्या कुणी न बोलावता आमच्या स्वयंपाकघरात शिरायच्या, काडी ओढायच्या आणि भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणायच्या, 'यव्वा, माझ्या घरातला गॅस संपलाय. म्या आपला माझ्यापुरता च्या ठेवते. आता पाणी जरा जास्त पडलं तर म्या काय करू?' दर शनिवारी त्यांचा गॅस संपायचा. आणि दर शनिवारी पाणी बरोबर सहा कपांचंच पडायचं.

चहा झाला की वाचन. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वर्षभराच्या शनिवारांत वाटून दिलेली असते. एकेका आठवड्याच्या वाट्याला पराशा म्हणतात. कुठल्या शनिवारी कुठली पराशा, ते मुंबईहून टपालानं येणाऱ्या कॅलेंडरवर छापलेलं असायचं. सिनेगॉगात हे वाचन हिब्रूत होतं, चामड्याच्या गुंडाळीवरून, दहा पुरुष जमल्यावर. आमच्याकडं सिनेगॉग नाही, गुंडाळी नाही, हिब्रू प्रार्थनेपुरतं पाठ, आणि पुरुष म्हणाल तर बाबा, सॅमसनकाका आणि अर्धा मी. म्हणून आत्या मराठीत वाचायची. माझ्या जन्माच्या आधीपासून तीच वाचायची. ती बाबांची थोरली बहीण, लग्न केलं नव्हतं, मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. खाकी कव्हर घातलेलं जाड छापील पुस्तक मांडीवर घ्यायची, थोडं वाचायची, मग त्यात बोट ठेवून पुस्तक मिटायची आणि प्रश्न विचारायची. उत्तर आल्याशिवाय पान उलटायचं नाही. मोठ्यांनाही सूट नव्हती.

मान्नाची पराशा मला लख्ख आठवते. वाळवंटात आभाळातून अन्न पडतं. देव सांगतो, रोज लागेल तेवढंच उचला, शुक्रवारी दुप्पट घ्या, शनिवारी जाऊ नका, मिळणार नाही. तरी काही जण शनिवारी निघालेच.

'का गेले, सॅमसन?' आत्यानं पुस्तक मिटून विचारलं.

सॅमसनकाका एसटीतले निवृत्त कंट्रोलर. शुक्रवारी संध्याकाळीच पॅसेंजरनं आमच्याकडं मुक्कामाला यायचे, कारण शब्बाथला गाडीत बसायचं नाही. ते डोकं खाजवत म्हणाले, 'पडंल न पडंल, बघून तर यावं म्हणून गेले असतील. गाडी रद्द असं फळ्यावर लिवलं तरी माणूस खिडकीत येऊन इचारतोच की, गाडी हाय का म्हणून.'

'बरोबर. पण शुक्रवारचं दुप्पट घरात होतं. पोट भरलेलं होतं. तरी गेले. म्हणजे मोह भुकेचा नव्हे.'

'मग कशाचा?' मी विचारलं.

'ते तू सांग. पुढच्या शनिवारी.'

पुढच्या शनिवारी मी काहीतरी ठोकून दिलं असणार. पण मधला आठवडा मी शाळेत, मैदानावर, रंकाळ्यावर भटकताना तोच विचार करत होतो, हे पक्कं. आत्याची पद्धतच अशी होती. आज्ञा पाळा असं तिनं मला कधी सांगितल्याचं आठवत नाही. आज्ञा नेमकी काय आहे ते आधी नीट वाचा, असं मात्र ती सतत सांगायची.

मोहाचं म्हणाल तर माझा मोह तांबडा होता. माझा दोस्त संभा, त्याच्या घरी रविवारी मटण. आमच्या रीतीनं कापलेलं नसेल ते मांस आम्हाला चालत नाही आणि कोल्हापुरात तसं कापणारं कोण सापडणार? म्हणून घरी मासे, अंडी, भाजीपाला. अशा गावात, जिथं रविवारी अख्ख्या गल्लीला तांबड्या रश्श्याचा वास येतो, तिथं पोरानं नाक तरी किती दाबावं? एकदा संभाच्या आईनं वाटी पुढं केली आणि मी खाल्लं. नुसता रस्सा नाही, नळीसुद्धा फोडली. घरी आलो तर आत्यानं वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, 'तिखट होतं का रे?' मी म्हटलं, व्हय. 'मग पाणी पी.' आजवर कुठल्याही धर्मगुरूनं मला इतकं शरमवलेलं नाही.

तर अशा घरात डॅनिअलदादा आला. सॅमसनकाकांचा पुतण्या, ठाण्याचा. दोन वर्षं इस्राएलमध्ये राहून, तिथल्या धार्मिक पाठशाळेत शिकून सुट्टीवर आलेला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. पुढं मी चळवळीची पत्रकं लिहिली, त्यांत असं लिहायची सोय नसते. पत्रकात समोरचा काळाच रंगवावा लागतो आणि मी तसे खूप रंगवलेत. पण डॅनिअलदादा लाजाळू होता, शुक्रवारच्या गाण्याला त्याचे डोळे भरून यायचे, आईच्या हातचं सांदण खाताना 'हे तिथं कुठं मिळतं' म्हणत तो चौथं घ्यायचा. त्यानं मला हिब्रू अक्षरं गिरवायला शिकवली. त्याच्याजवळ एक गोष्ट होती जी आमच्यापैकी कुणाजवळच नव्हती. त्याला खरं कसं असतं ते माहीत होतं. निदान आम्हाला तसं वाटलं. इतकी वर्षं आम्ही दूरच्या गावात अंदाजानं धर्म पाळत आलो होतो. मनातून प्रत्येकाला धाकधूक होती की आपलं कुठंतरी चुकत असणार. आणि आता थेट जेरुसलेमहून शिकून आलेला माणूस आमच्या सतरंजीवर बसला होता. तो म्हणेल ते बरोबर, हे आम्ही त्यानं तोंड उघडायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

शुक्रवारी दुपारी त्यानं पिशवीतून माझ्यासाठी तल्लीत काढली. प्रार्थनेला खांद्यावर घेतात ती शाल. पांढरी, काठाला निळे पट्टे, चारी कोपऱ्यांना गोंडे. आईनं पोत बोटांनी चाचपला आणि म्हणाली, 'बाई, काय सूत आहे.' ते गोंडे कशासाठी असतात ते आत्यानंच मला पूर्वी सांगितलं होतं. त्यांच्याकडं बघून आज्ञा आठवायच्या. आपल्या मनाच्या आणि डोळ्यांच्या नादी लागायचं नाही. मी ती शाल अंगावर घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो आणि माझे डोळे तिच्यावरून हलेनात.

'उद्या पहिली पराशा,' डॅनिअलदादा म्हणाला. 'जगाची सुरुवात. तेरा वर्षं झाली तुला. उद्या तू वाच, एली.'

'आत्या वाचते,' मी म्हटलं.

'म्हणूनच.'

मग तो बाबांशी आणि काकांशी ओट्यावर बसून बोलला. बायका पुरुषांसमोर तोरा वाचत नाहीत, इथं इतकी वर्षं हे चाललंय म्हणजे नवलच आहे, असं तो हळू आवाजात सांगत होता. काका म्हणाले, 'आमाला कुठलं ठावं बाबा.' बाबांनी काकांकडं बघितलं. मग म्हणाले, 'तू शिकून आलायस. तुला जास्त कळतंय.' हे सगळं मी उंबऱ्याआडून ऐकलं. आत्या तेव्हा आत नारळ खवत होती. तिला कुणीच काही सांगितलं नाही. ना बाबांनी, ना काकांनी, ना मी. मला रात्रभर वेळ होता.

शनिवार उजाडला. गल्लीत दिवाळीची चाहूल होती. शेजारच्या घरात चकल्या तळल्या जात होत्या आणि तेलाची चुरचुर भिंतीतून ऐकू येत होती. गिरिजाक्का आल्या, त्यांचा गॅस संपला होता, पाणी जास्त पडलं. डॅनिअलदादानं कप परत सरकवला.

'पावणं, घ्या की च्या.'

'नको मावशी. शब्बाथला पेटवलेल्या गॅसवरचा मी घेत नाही.'

'घ्या की. इख न्हाय घातलं त्यात.'

'नको.'

अक्कांनी कप उचलला, त्याच्याकडं, मग आत्याकडं बघितलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन स्वतःच पिऊन टाकला.

आत्या नेहमीच्या जागी बसली. मांडीवर पुस्तक घेतलं, चष्मा पदरानं पुसला. मी तल्लीत घेऊन समोर बसलो होतो. ती मला बघून इतकी मनापासून हसली की ते हसू मला आजही सोसत नाही.

'आंटी,' डॅनिअलदादा म्हणाला, 'आज एली वाचेल.'

'वाचू दे की! मी सुरुवात करून देते, मग—'

'नाही आंटी. सगळंच तो वाचेल. पुरुष बसलेले असताना बायकांनी वाचायचं नसतं. पुस्तकाला हातसुद्धा लावायचा नसतो.' मग माझ्याकडं वळून म्हणाला, 'एली, घे पुस्तक.'

आत्यानं बाबांकडं बघितलं. बाबा नखांतलं काळं बघत होते. तिनं काकांकडं बघितलं. काका कॅलेंडर वाचत होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि मी उठलो. मी सांगितलेलं ऐकत होतो, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला बजावलं. वडीलधारा माणूस म्हणाला, मी केलं. पण त्या क्षणी माझ्या खांद्यावरच्या शालीचं वजन मला जाणवत होतं, सगळे माझ्याकडं बघतायत हे जाणवत होतं, आणि ते मला आवडत होतं. आज्ञाधारकपणाच्या आत मोह इतका नीट बसतो की शिवण दिसत नाही. मी पुस्तक धरलं. तिचं बोट अजून त्यात होतं. मला हिसका द्यावा लागला.

ती मागं सरकून आईशेजारी, दाराजवळ बसली. मी वाचायला लागलो. उजेड, पाणी, झाडं, जनावरं. माझा आवाज चांगला होता, शाळेत बक्षिसं मिळवलेला. बागेपर्यंत आलो. बागेतल्या एका झाडाचं फळ खाऊ नका म्हणून देव सांगतो. मग साप येतो आणि बाईला विचारतो, काय गं, तुम्हाला काय मनाई आहे? बाई सांगते, मधल्या झाडाचं फळ खायचं नाही आणि त्याला हातही लावायचा नाही.

'थांब एली,' मागून आत्याचा आवाज आला. वर्गात असतो तसाच, शांत. 'हात लावायचा नाही, असं देव म्हणाला होता का?'

मी एक पान मागं उलटलं. देवाचा हुकूम तिथं छापलेला होता. खाऊ नकोस. हात लावण्याबद्दल चकार शब्द नव्हता. तो भाग वाढवलेला होता. कुणी वाढवला, आदामानं, हव्वेनं, ठाऊक नाही. पण हुकूम पुरेसा वाटला नाही म्हणून कुणीतरी त्याला पदरचं कुंपण घातलं, आणि साप नेमका त्या कुंपणातूनच आत शिरला. हे सगळं माझ्या बोटाखाली होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'नाही.' बाबांनी मान वर केली होती. मला वाटतं, त्यांनाही तो शब्द हवा होता.

'आंटी, वाचन चालू असताना मध्ये बोलू नये,' डॅनिअलदादा म्हणाला. 'एली, पुढं.'

मी पान परत उलटलं आणि पुढं वाचलं.

गिरिजाक्कांना राहवलं नाही. 'आमच्यात बायकांनी शिवाची वचनं रचल्यात, कवाच्या काळात. आन हितं पुस्तकाला हात लावायला बंदी? कुटनं आनला म्हनं ह्यो कायदा?'

'अक्का, ऱ्हाऊ दे,' बाबा म्हणाले. 'आमचं आमचं हाय ते.'

इतक्या वर्षांत त्या बाईला आमच्या घरात 'आमचं' आणि 'तुमचं' असं कुणी म्हटलं नव्हतं. आत्या उठली. पदर सारखा केला. 'गिरिजा, तुझ्याकडं आज गॅस आहे ना?'

'भरलेला हाय. चल.'

दोघी गेल्या. मी वाचत राहिलो. देव आदामाला विचारतो, खाल्लंस का? आणि आदाम सरळ बोट दाखवतो, तूच दिलेल्या बाईनं दिलं म्हणून खाल्लं. ते मी ठळक, एकही चूक न करता वाचलं. सॅमसनकाका म्हणाले, 'शाब्बास रे वाघा.'

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तसं काहीच झालं नाही. आत्या त्याच घरात राहिली, शुक्रवारी वात लावत राहिली, मला निबंध तपासून देत राहिली. फक्त वाचनाच्या वेळी ती अक्कांकडं जाऊन बसायची. अक्कांनी आमच्याकडं येऊन चहा ठेवणं थांबवलं, तेव्हा शनिवारचा चहाही गेला. दिवाळीनंतर डॅनिअलदादा परत इस्राएलला गेला. मी आणखी तीन शनिवार वाचलं. प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळं वाचन पंधरा मिनिटांत संपायचं आणि संपल्यावर आम्ही तिघं पुरुष एकमेकांकडं बघत बसायचो. मग माझा शिकवणीचा वर्ग शनिवारी सकाळी सुरू झाला. काका म्हणाले, आता गुडघे साथ देत न्हाईत, पॅसेंजर चढवत न्हाय. इतकी वर्षं टिकलेलं ते वाचन कुणी बंद केलं असं नाही. ते आपोआप थांबलं. दोन वर्षांनी आत्यानं गारगोटीच्या शाळेत नोकरी धरली आणि ती तिकडं खोली घेऊन राहिली. हातकणंगल्याला काकांना मातीही देऊन झाली. बाबांनी मात्र शनिवार शेवटपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी ते नुसते बसून असायचे.

कॉलेज संपताना मी एका कामासाठी मुंबईला गेलो होतो. तेव्हा मी चळवळीत पडलो होतो. एका गावच्या देवळात गाभाऱ्यात बायकांना का सोडत नाहीत म्हणून दारात बसणाऱ्यांत मी होतो, आणि पत्रकाचा मसुदाही माझाच होता. त्यात मी कडक शब्दांत लिहिलं होतं, स्त्रीच्या हातातून धर्मग्रंथ हिसकावणारे कोण? लिहिताना आत्या आठवली नाही, याची आज लाज वाटते. मुंबईत शनिवार आला म्हणून जुन्या वस्तीतल्या एका सिनेगॉगात गेलो. प्रार्थना झाल्यावर तिथल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांना, अलिबागकडचे होते ते, सहज विचारावं तसं सगळं सांगितलं.

ते म्हणाले, 'तुमच्यात दहा पुरुष होते का?'

'नव्हते. अडीच होते.'

'गुंडाळी होती?'

'नाही. छापील पुस्तक. मराठी.'

'अरे मग तोरा वाचायचा विधी कसला तो? घरात बसून पुस्तक वाचत होतात तुम्ही. बाईनं वाचलं काय नि बाप्यानं वाचलं काय. त्याला बंदी असायला मुळात तो विधी तर पाहिजे ना!' आणि ते हसायला लागले. 'कुणी सांगितलं तुम्हाला?'

म्हणजे डॅनिअलदादानं सिनेगॉगाचा नियम उचलून आमच्या सतरंजीवर आणून ठेवला होता, आणि आम्ही कुणी विचारलं नाही. विचारलं फक्त तिनं.

मी थेट गारगोटीची एसटी धरली. आत्या शाळेच्या मागं एका खोलीत राहत होती. केस पांढरे झाले होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं, व्यवस्थापक काय म्हणाले ते, नियम नव्हताच ते. तिनं मला बसवलं, पाणी दिलं.

'मला ठाऊक होतं रे,' ती म्हणाली.

'ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?'

'बोलले की. हात लावायचा नाही असं देव म्हणाला होता का, म्हणून विचारलं नव्हतं तुला?'

'मला वाटलं तू गोष्टीबद्दल विचारतेयस.'

'खोटं बोलू नको. तू पान मागं उलटलंस. मी बघितलं.'

बाहेर कुणीतरी पोरांना ओरडत होतं.

'नाही म्हणाला,' मी शेवटी म्हटलं. 'देव तसं म्हणाला नव्हता.'

'हे आता मला कशाला सांगतोस?' तिचा आवाज पहिल्यांदा चढला. 'मला कळत होतं. त्या खोलीत बसलेल्यांना कळायला पाहिजे होतं. तुझ्या बापाला कळायला पाहिजे होतं. तो अजून शनिवारी भिंतीकडं बघत बसतो. आधी त्याला सांग जा.'

मी त्याच संध्याकाळी घरी आलो आणि बाबांना, आईला, हाक मारून बोलावलेल्या गिरिजाक्कांना सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. 'मला वाटलंच हुतं,' म्हणाले आणि मग, 'तिला ये म्हनावं.' आत्या आली, पुढं बऱ्याचदा आली. वाच म्हटलं तर मात्र मान हलवायची. 'सवय गेली,' म्हणायची. ती सवय मी मोडली. ती परत आली नाही, आणि माझ्या उशिरा दिलेल्या उत्तरानं ती यायचं काही कारणही नव्हतं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो, विनंती करत नाही. तुमच्या घरात, देवळात, जैनांच्या बस्तीत, मशिदीत, शाळेत, कुठंतरी एक बाई होती जी काहीतरी करायची आणि एक दिवस करायची थांबली. तुम्ही त्या खोलीत होतात. हुकूम खरा होता की कुणी पदरचा वाढवलेला, ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तिची एकट्यात माफी मागून सुटू नका. ज्यांच्या देखत गप्प बसलात त्या सगळ्यांना गोळा करा, तिला समोर बसवा आणि ती वाचायचं विसरून जायच्या आत, ह्याच आठवड्यात, मोठ्यानं बोला.